वऱ्हाडी काळा मसाला : निवडण्यापासून रश्श्यापर्यंत

होळी आटोपली की कारंजा लाडमध्ये गच्च्यांवर वाळवणाची गर्दी सुरू होते. पापड, कुरड्या, सरगुंडे, मुंगवड्या आणि त्यांच्याच मागोमाग वर्षभराचा काळा मसाला. वऱ्हाडातला एप्रिल-मे मसाल्यासाठी फार चांगला. पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी, आणि पावसाला अजून अवकाश. मसाल्याला सगळ्यात मोठा धोका ओलाव्याचा असतो, तो या दिवसांत आपोआप टळतो.

हा मसाला घरी करायला अनेकांना अवघड वाटतो, कारण यादी लांबलचक असते. यादी लांब असली तरी ती दोन भागांत सहज पडते. धणे, मिरची, हळद, तीळ हा वजनाने मोठा भाग शेतातला आहे, आपल्याच मुलखात पिकणारा. लवंग, मिरे, दालचिनी, जायपत्री, चक्रीफूल हा थोड्या वजनाचा पण वासाने भारी भाग दुरून येतो. यातले काहीही वऱ्हाडच्या काळ्या मातीत उगवत नाही. तरीही ते इथल्या रश्श्यात मुरले, कारण कारंजा हे जुने व्यापारी गाव. १६७० साली सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंजाकडे मोर्चा वळवला तो इथल्या व्यापाऱ्यांच्या श्रीमंतीमुळेच. केरळातले मिरे किंवा मोलुक्का बेटांची लवंग समुद्रापासून इतक्या आत यायची ती अशा पेठांच्या वाटेनेच.

एक खुलासा आधी करतो. काळा मसाला, गोडा मसाला आणि गरम मसाला यांत घोटाळा होतो. गरम मसाला म्हणजे फक्त वासाचे मसाले, खोबरे-धणे नाहीत किंवा नावापुरते. गोडा मसाला पुण्याकडचा, फिकट भाजलेला, मिरची जवळजवळ नाही. आपला काळा मसाला गडद भाजलेला, मिरचीसकट आणि तेलात परतलेला. नागपूरच्या सावजी घराण्यांचा मसाला याचाच जास्त जहाल भाऊबंद.

आता प्रमाण. चार-पाच माणसांच्या घराला अर्धा किलो धण्यांचा मसाला वर्षभर सहज पुरतो. अर्ध्या किलो धण्यांना सुके खोबरे पाव किलो, लाल मिरची पाव किलो, जिरे आणि तीळ शंभर-शंभर ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम. दगडफूल, शहाजिरे, मिरे, दालचिनी (आपल्याकडे बरेच जण तिला कलमी म्हणतात) आणि हळकुंड प्रत्येकी २५ ग्रॅम. लवंग २० ग्रॅम, मसाला वेलची म्हणजे मोठी काळी वेलची १५ ग्रॅम, तेजपान, चक्रीफूल आणि खडा हिंग दहा-दहा ग्रॅम, जायपत्री ५ ग्रॅम, एक जायफळ, एक चमचा मेथ्या. भाजायला फल्लीतेल साधारण एक वाटी. मूठभर खडे मीठ वेगळे ठेवावे, ते शेवटी लागेल.

खरेदीपासूनच काळजी घ्यावी लागते. दळलेले काही घेऊ नये, सगळे अख्खे घ्यावे. अख्ख्या मसाल्याची पारख डोळ्यांनी आणि नखाने होते, पुडीची होत नाही.

लवंगेचे उदाहरण घ्या. नखाने दाबली की चांगल्या लवंगेतून तेल पाझरते. पेल्यात पाणी घेऊन दोन-चार लवंगा टाकल्या तर तेल असलेली लवंग बुडते किंवा उभी तरंगते. आडवी तरंगत राहिली तर तिचे तेल आधीच काढून घेतलेले असण्याची शक्यता आहे. अशी लवंग दिसायला छान असते, पण मसाल्यात फक्त काडी म्हणून राहते. मिऱ्यात पपईच्या बिया मिसळतात. त्या सुरकुतलेल्या, लांबट, हिरवट-तपकिरी असतात. मिरे गोल असतात आणि त्यांच्यावर जाळीदार सुरकुत्या असतात.

दालचिनी म्हणून बाजारात मिळते ती बहुतेक वेळा जाड, कडक सालीची असते. ती चिनी जातीची. श्रीलंकेची खरी दालचिनी पातळ असते, विडीसारखी अनेक पदरी गुंडाळलेली, आणि बोटांनी चुरते. काळ्या मसाल्याला जाड साल चालते, तिचा उग्रपणा रश्श्यात उपयोगीच पडतो.

मिरची एकाच जातीची घेऊ नये. रंग आणि तिखटपणा एकाच मिरचीत क्वचित मिळतात. कर्नाटकातली ब्याडगी गडद लाल रंग देते, तिखट कमी असते. नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी मिरची, जिला भौगोलिक मानांकन म्हणजे प्रदेशाच्या नावाचे कायदेशीर संरक्षण मिळाले आहे, रंगही देते आणि तिखटही. घरच्या सवयीप्रमाणे दोन जातींचे मिश्रण करावे. देठे काढून टाकावीत. बुरशीने आतून काळी-पांढरी पडलेली मिरची वासावरून लगेच कळते. तशी एकही ठेवू नये.

पुढची पायरी निवडण्याची. धणे, जिरे, तीळ सुपात पाखडून घ्यावेत. सगळ्यात जास्त वेळ दगडफुलाला द्यावा. हे फूल नव्हे, झाडांच्या सालीवर आणि खडकांवर वाढणारे शेवाळ आणि बुरशी यांचे एकत्र जीवन आहे. त्यामुळे त्यात सालीचे तुकडे, माती, बारीक खडे हमखास असतात. पांढऱ्या कापडावर पसरून एकेक पापुद्रा हाताने चुरगाळून पाहावा. मसाला दाताखाली कचकचतो तो बहुतेक याच कारणाने.

उन्हाबद्दल एक गैरसमज आहे की सगळेच मसाले कडक उन्हात ठेवावेत. धणे, मिरची, हळकुंडे, तेजपान यांना एक-दोन दिवसांचे ऊन हवेच. लवंग, वेलची, जायपत्री, जायफळ, चक्रीफूल यांना नको. या मसाल्यांचा वास उडनशील तेलात असतो, म्हणजे उष्णतेने हवेत उडून जाणाऱ्या तेलात. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या गच्चीवर ते दिवसभर ठेवले तर तो वास शेजाऱ्यांना मिळतो, आपल्या डब्याला नाही. त्यांना घरात पंख्याखाली पसरून ठेवले तरी पुरते.

आता भाजणे. मसाला चांगला होतो किंवा बिघडतो तो इथेच. आपण कितीही उत्तम माल आणलेला असो, भाजण्यात घाई झाली तर तो गेला. घाई म्हणजे सगळे एकदम कढईत टाकणे. हळकुंडाला तळून फुगायला कित्येक मिनिटे लागतात, खसखस अर्ध्या मिनिटात करपते. दोघांना एकत्र टाकले तर एक कच्चे राहते नाहीतर दुसरे जळते. म्हणून प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, आणि जाड बुडाच्या लोखंडी कढईत, मंद ते मध्यम आचेवर.

सुरुवात कोरड्या भाजण्याने करावी, म्हणजे कढई तेलकट व्हायच्या आधी खोबरे, तीळ, खसखस होऊन जातात. खोबरे किसून घ्यावे आणि सराटा न थांबवता हलवत राहावे. आधी ते पिवळसर होते, मग गव्हाळी, मग खारकेसारखे तपकिरी. तिथे थांबायचे. आच बंद केल्यावरही कढईच्या उष्णतेने ते एक छटा पुढे जाते, म्हणून लगेच ताटात काढावे. तीळ तडतडायला लागले की झाले. खसखस फक्त गरम करून, वास येताच उतरवावी.

मग कढईत चमचाभर तेल टाकून धणे. धण्यांना संयम लागतो, कारण ते वजनाने सगळ्यात जास्त आणि मसाल्याची मुख्य चव त्यांचीच. दोन-तीन वेळा विभागून भाजावेत. सुरुवातीला हिरवट, गवतासारखा वास येतो. तो जाऊन गोडसर, संत्र्याच्या सालीकडे झुकणारा वास सुटतो आणि दाणा एक छटा गडद होतो. एक दाणा गार करून दाताखाली धरावा. कट्‌कन तुटला तर ओल गेली. चिवट दबला तर आणखी थोडा वेळ. जिरे, शहाजिरे, मेथ्या यांना मात्र थोडकाच वेळ. मेथी तांबूस झाली की पुरे, काळपट झाली तर तिचा कडवटपणा अख्ख्या डब्यात उतरतो.

त्यानंतर वासाचे मसाले, एकेक करून, थोड्या तेलात. दालचिनीचे तुकडे, लवंग, मिरे, चक्रीफूल, वेलची. लवंग फुगते, वेलची टम्म होते. जायपत्री नाजूक असते, तिला नुसती कढईची ऊब दाखवावी. ती आणि जायफळ एकाच फळाचे दोन भाग आहेत. जायफळ म्हणजे बी आणि जायपत्री म्हणजे त्या बीवरचे लाल जाळे. जायफळ भाजायचेच नाही, ते शेवटी किसून घालायचे.

दगडफुलाची गंमत अशी की कोरडे असताना त्याला जवळजवळ वास नसतो. गरम तेलात पडल्याबरोबर तो मातकट, लाकडी सुवास बाहेर येतो, जो आपण काळ्या मसाल्याचा म्हणून ओळखतो. मात्र ते क्षणात करपते. तेल गरम करून आच कमी करावी, दगडफूल टाकून दोन-तीनदा परतावे आणि काढावे.

हळकुंड आणि खडा हिंग जरा जास्त तेलात तळावेत. हिंग फुगून ठिसूळ होतो. आपल्या दुकानातला बहुतेक हिंग बांधणीचा असतो, म्हणजे मूळ हिंगाच्या चिकात पीठ आणि डिंक मिसळून केलेला. ज्यांना गव्हाचे पथ्य आहे त्यांनी डब्यावर कोणते पीठ आहे ते वाचून घ्यावे.

मिरची सगळ्यात शेवटी. तिच्या धुराने घरभर ठसका लागतो, आणि तिच्यानंतर त्याच कढईत दुसरे काही भाजले तर त्यालाही तिखट चव लागते. खिडक्या उघडाव्यात, तेलाचा हात लावावा आणि चिमूट मीठ टाकून मंद आचेवर कुरकुरीत करावी. मिरचीचा लाल रंग टिकला पाहिजे. ती काळी पडली तर मसाला काळा होतो खरा, पण कडू होतो. काळ्या मसाल्याचा गडद रंग येतो तो दगडफूल, तपकिरी खोबरे आणि नीट भाजलेल्या धण्यांनी. जाळून आणलेला काळेपणा पहिल्या घासालाच कळतो, आणि त्याला गूळ, चिंच, दही कशाचाही इलाज नाही. एखादा जिन्नस करपलाच तर तेवढा टाकून नवा भाजावा. पाच ग्रॅम जायपत्री वाचवायला जाऊन दीड किलो मसाला घालवू नये.

सगळे भाजून झाले की ताटांत पसरून पूर्ण गार होऊ द्यावे. रात्रभर ठेवले तर उत्तम. मसाला गरम असतानाच दळला तर आतली वाफ पुडीत अडकते, गाठी होतात आणि पुढे बुरशी येते.

दळायला दोन मार्ग. कांडप यंत्रावर, जिथे लोखंडी मुसळे मसाला कुटतात, तिथे नेले तर काम लवकर होते आणि मसाला फारसा तापत नाही. मात्र आपल्या आधी कोणाचे काय कुटले ते विचारून घ्यावे. आधी नुसती हळद झाली असेल तर रंग बदलतो, आणि जहाल मिरची झाली असेल तर तिखटपणा. पहिली ओंजळभर पूड वेगळी काढायला सांगावी. गव्हाच्या चक्कीवर मसाला दळू नये. दगडात राहिलेले पीठ मसाल्यात येते आणि पावसाळ्यात त्याला किडे लागतात.

घरी मिक्सरवर करायचे असेल तर हळकुंडासारखे टणक जिन्नस आधी खलबत्त्यात फोडून घ्यावेत, नाहीतर पाते बोथट होते. खोबरे आणि तीळ एकटे फिरवले तर तेल सुटून लगदा होतो. ते नेहमी मूठभर भाजलेल्या धण्यांबरोबर, थांबून थांबून फिरवावेत. धणे ते तेल शोषून घेतात. भांडे हाताला गरम लागले की थांबावे. चाळून जो भरडा उरेल तो पुन्हा फिरवावा. शेवटी किसलेले जायफळ घालून सगळा मसाला परातीत हाताने एकजीव करावा. एका चिमटीत मिरची आणि दुसऱ्या चिमटीत धणे असे व्हायला नको.

भरण्याआधी बाजूला ठेवलेले खडे मीठ कोरडे भाजून, बारीक करून मिसळावे. मीठ ओल धरून ठेवते आणि मसाला टिकायला मदत करते. चिनी मातीची किंवा काचेची बरणी, धुऊन उन्हात खडखडीत वाळवलेली, आणि त्यात मसाला दाबून भरावा. सैल भरला तर आत हवा राहते, आणि हवेनेच खोबऱ्याचे तेल खवट होते. रोजच्या वापराला छोटा डबा, मोठी बरणी महिन्यातून एकदाच उघडायची. ओला चमचा कधीच नाही. आणि बरणी गॅसच्या शेजारच्या फळीवर ठेवू नये. सोयीची असली तरी ती स्वयंपाकघरातली सगळ्यात वाईट जागा, कारण ऊब आणि वाफ दोन्ही तिथेच. पाव किलो खोबरे असलेला मसाला सहा-आठ महिन्यांनंतर खवट होऊ शकतो. ज्यांना वर्षभर हवा त्यांनी खोबरे निम्मे करावे आणि भाजी करताना ताजे भाजून घालावे.

या सुक्या मसाल्यात कांदा-लसूण नाही, हे कारंजासारख्या गावात फार उपयोगाचे. इथे जैन घरे पुष्कळ, आणि नृसिंह सरस्वती स्वामींचे जन्मस्थान म्हणून गुरुमंदिरात येणाऱ्यांचीही वर्दळ असते. सोवळ्याच्या आणि चातुर्मासाच्या स्वयंपाकाला तोच डबा चालतो. ज्या घरात लसूण चालतो तिथे तो वाटणातून घालता येतो.

आता वापर. पाटवडी रस्सा हे या मसाल्याचे खरे घर. चार माणसांना दोन मोठे चमचे मसाला पुरतो. गंजात तेल तापवून कांदा तपकिरी परतावा, मग भाजलेला कांदा, सुके खोबरे, आले, लसूण यांचे वाटण घालून तेल सुटेपर्यंत परतावे. इथे बहुतेकांची चूक होते ती अशी की मसाला थेट तापलेल्या तेलात पडतो. तो आधीच भाजलेला आहे, त्यामुळे दुसऱ्यांदा काही क्षणांतच जळतो. आच कमी करून, मसाला वाटीत थोड्या पाण्यात कालवून मग घालावा. पाणी आटून कडेने तेल सुटू लागले की आधण आलेले गरम पाणी ओतावे. गार पाणी घातले की उकळी मोडते आणि तर्री नीट वर येत नाही. तर्री म्हणजे रश्श्यावर तरंगणारे ते लाल तेल. मिरचीचा रंग पाण्यात नाही तर तेलात विरघळतो, म्हणून तेल अगदीच कमी घातलेला रस्सा कितीही मसाला घातला तरी फिका दिसतो. पाटवड्या ताटात वाढतानाच रश्श्यात टाकाव्यात, उकळल्या तर त्या विरघळतात. वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर.

रोडग्यांबरोबरची वांग्याची भाजी, मुंगवड्यांचा रस्सा, मसालेभात यांनाही हीच रीत. साध्या वरणात मात्र पाव चमचा पुरतो, आणि तो शेवटच्या उकळीला. भाजी उतरवताना चिमूटभर मसाला वरून भुरभुरला तर सुरुवातीला उडून गेलेला वास परत येतो.

उत्तर आफ्रिकेत, विशेषतः मोरोक्कोत, असाच पंधरा-वीस किंवा त्याहूनही जास्त जिन्नसांचा एक मसाला आहे, रास अल हनूत. त्याचीही एकच कृती नाही, प्रत्येक मसालेवाल्याची आपापली. जिरे, धणे, सुंठ, हळद, मिरे, दालचिनी, वेलची, लवंग, जायफळ, जायपत्री हे आपलेच सगळे आणि त्यांच्या जोडीला कबाबचिनी, पिंपळी, कुलिंजन, वाळलेल्या गुलाबकळ्या. हे चारही जिन्नस आपल्या जडीबुटीच्या दुकानात मिळतात. मोठा फरक भाजण्यात आहे. तिथे खोबरे-तीळ नाहीत, तेलात परतणे नाही, मिरची असलीच तर थोडी. मसाले जेमतेम कोमट करून किंवा तसेच दळतात, आणि कच्चेपणा जातो तो मंद आचेवर तासन् तास शिजणाऱ्या पातळ रश्श्यात. बकरी ईदनंतर मनुका, बदाम आणि मध घालून केलेले मटण, म्हणजे मरूझिया, हा त्यांचा खास पदार्थ. बाळंतिणीसाठी कोंबडी, मसूर आणि मेथ्या यांचे रफिसा करतात, त्यातही हाच मसाला. बाळंतिणीला मेथी देणे तिथेही आहेच.

आपल्याला करून पाहायचा असेल तर थोडाच करावा. जिरे आणि सुंठ दोन-दोन चहाचे चमचे, धणे, हळद, मिरे, दालचिनी, वेलची आणि गुलाबपाकळ्या एकेक चमचा, कबाबचिनी, जायपत्री आणि जायफळ अर्धा-अर्धा, चार लवंगा. अख्खे जिन्नस तव्यावर मिनिटभर गरम करून दळावेत. कांदा तेलात परतून त्यात दीड चमचा मसाला, मग लाल भोपळा, गाजर, शिजवलेले काबुली चणे, थोड्या मनुका आणि पाणी घालून झाकण ठेवून अर्धा तास मंद शिजवावे. तिथे हे कुसकुसवर वाढतात. कुसकुस म्हणजे रव्याचे वाफवलेले बारीक दाणे, ज्यांची परंपरा २०२० साली युनेस्कोने अल्जेरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया या चार देशांच्या नावे वारशाच्या यादीत घेतली. आपल्याकडे जाडसर गव्हाचा दलिया मोकळा शिजवला तरी तीच सोय होते. तिखटाची सवय असलेल्या जिभेला हे गोडसर वाटेल. लिंबू पिळावे, तिखट घालायची घाई करू नये.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. परदेशी राहणाऱ्या मुलांना मसाला पाठवताना देश पाहावा. खसखस अफूच्या बोंडातली असते. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर या देशांत तिच्यावर बंदी आहे, आणि मसाल्यात दळलेली असली तरी नियम तोच. तिकडे जाणाऱ्यासाठी मसाला वेगळा करावा, खसखशीऐवजी तीळ थोडे वाढवून किंवा मगज म्हणजे टरबुजाच्या सोललेल्या बिया भाजून घालून. आणि तो दळताना मिक्सरचे भांडे आधी धुऊन, पूर्ण कोरडे करून घ्यावे.